इंटरव्हलनंतर आत जाणारे साडू

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नाही, आणि असलाच तर तो आपल्यावर पाळत ठेवायला सोडलेला आहे असं साडूंचं मत पडेल. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे जुन्नरकडचे, आता कैक वर्षं सानपाड्यात. नात्याने आम्ही दोघंही एकमेकांचे साडूच, पण वयाने आणि संशयाने ते थोरले, म्हणून ते मला 'धाकटे' म्हणतात. त्यांचा लिफ्टमधल्या आकड्यांवर भरवसा नाही. दार उघडलं की आधी मान बाहेर काढून भिंतीवर मजला कुठला लिहिलाय ते बघतात, मग पाय टाकतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून झाली की पिशवी उलटी करून पलीकडे वेगळी तारीख छापलीय का ते बघतात. चिवड्याची बशी पुढे आली की खिडकीशी जाऊन एकेक शेंगदाणा उजेडात धरतात, कारण "खवट दाणा नेहमी चांगल्यात लपून बसतो." आमच्या लग्नात म्हणे त्यांनी माझ्याकडे तासभर टक लावून पाहिलं आणि घरी जाऊन ताईंना सांगितलं, "माणूस बरा वाटतोय. म्हणजे काहीतरी असणार." काय असणार ते अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

तसा सगळा दोष त्यांच्याच माथी मारण्यात अर्थ नाही. माणसाची हयात एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेली. एका आडत्याच्या गाळ्यावर आलेला माल पारखायचा, हे त्यांचं काम. गोणीच्या तोंडाशी नेहमी गोल, लालबुंद, एका मापाचे कांदे लावलेले असतात. साडूंनी त्या कांद्यांकडे जन्मात कधी बघितलं नाही. गोणी यायची, साडू ती उलटी करायला लावायचे, तळाचा कांदा उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, हुंगायचा आणि मग व्यापाऱ्याकडे असं काही बघायचं की तो बिचारा न विचारताच घरच्या अडचणी सांगायला लागायचा. "वरचा माल दाखवायला असतो धाकटे, तळाचा खायला," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मला दुकानातलं वरचं वर्तमानपत्र घ्यायलासुद्धा लाज वाटते.

आता असा माणूस निवृत्त झाल्यावर मुकाट्याने बागेत फिरायला जाईल की नाही? नाही. साडू सिनेमे बघायला लागले. बरं, जाणकार वगैरे अजिबात नाहीत. दिग्दर्शकाचं नाव विचाराल तर "असेल कोणीतरी" म्हणतील. पण वाशीच्या मॉलमध्ये नवा सिनेमा लागला की आठवडाभरात साडू तिथे हजर, आणि संध्याकाळी मला फोन. माझं बेलापूरचं ऑफिस सुटायची वेळ त्यांना पाठ आहे. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'कसे आहात' नाही, एकदम निकाल.

"आवो धाकटे, तो लढाईचा पिक्चर बघितला. घोडे खोटे आहेत."

"खोटे म्हणजे?"

"सगळे घोडे एका वेळी एकच पाय उचलतात. कॉम्प्युटरचे घोडे. एक तरी घोडा मधेच लीद टाकील की नाही? नाही. स्वच्छ मैदान!"

गुप्तहेरांच्या सिनेमांवर तर त्यांचा विशेष राग. "हा गुप्तहेर आहे ना? मग विमानतळावर उतरला की मागे गाणं का वाजतं? सगळ्या जगाला कळलं ना तो आला ते!" दक्षिणेकडचा हिंदीत आणलेला सिनेमा बघून आले तेव्हा म्हणाले, "ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच बोलतो. असा माणूस मार्केटात आला असता तर मी गाळ्याची पायरी चढू दिली नसती." हल्ली सिनेमा अर्ध्यात सोडून 'भाग पहिला' म्हणायची जी टूम निघालीय तिच्यावर त्यांचं म्हणणं, "निम्मी गोणी आज, निम्मी दोन वर्षांनी, आणि भाव आजच पूर्ण गोणीचा. काय राव, हे आमच्या मार्केटात केलं असतं तर माथाड्यांनी उचलून तुर्भ्याच्या खाडीत टाकलं असतं." साठीचा नायक पडद्यावर कॉलेजात जाताना दिसला तर ते त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीत, हनुवटीखाली बघतात. मराठी सिनेमाला सकाळी नवाचा खेळ दिला की "कोणी येऊ नये अशी व्यवस्था," आणि संध्याकाळचा दिला की "आता का दिला? काय मनात आहे यांच्या?" चित्रपटात कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही अशी पाटी शेवटी पुन्हा लागली की अंधारात मोठ्याने म्हणतात, "आणि माणसांचं काय?" वर्तमानपत्रात पाचपैकी साडेचार तारे आलेले दाखवले तर विचारतात, "अर्धा का कापला? खरं वाटावं म्हणून." आणि सिनेमागृहाबाहेर डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांचे ते व्हिडिओ! आमच्या बायकोने एकदा तसला एक कौतुकाने दाखवला. साडूंनी मोबाइल नाकाशी धरला आणि म्हणाले, "हा निळ्या शर्टवाला मागच्या आठवड्यात दुसऱ्या पिक्चरबाहेर पोट धरून हसत होता. फिरतीवर असतो वाटतं." साऱ्या मॉलमध्ये त्यांना मनापासून आवडणारी व्यक्ती एकच, दारात पर्समध्ये हात घालून थेट तळ चाचपडणारी ती गणवेशातली बाई.

पण या सगळ्या संशयात त्यांना सर्वांत जास्त भीती वाटते ती विनोदी सिनेमाची, आणि त्याचं कारण आम्हा घरच्यांना माहीत आहे.

आमच्या ताई, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, पहिल्यापासून सिनेमाच्या वेड्या. हे वेड आमच्या सासूबाईंकडून आलेलं. दोघी मायलेकी दुपारच्या खेळाला जायच्या, पर्समध्ये रुमालाखाली चिवड्याची पुडी लपवून न्यायच्या, खलनायकाला शिव्या द्यायच्या, नायिकेसाठी रडायच्या आणि बाहेर आल्या की दोघींचे डोळे सुजलेले आणि चेहरे मात्र असे प्रसन्न की बघत राहावं. सासूबाई शेवटची वर्षं ताईंकडेच होत्या. मग त्या आजारी पडल्या, इस्पितळात गेल्या, आणि ताई त्यांच्या उशाशी जणू रुजल्याच. एके दुपारी मी आणि साडू तिथे होतो. सासूबाईंना झोप लागली होती. साडू ताईंना म्हणाले, "जा, खालून चहा घेऊन ये." ताई नको म्हणाल्या. साडूंनी पुन्हा सांगितलं, "अगं जा, सकाळपासून पाणी नाही पोटात. आई झोपल्यात. काय होत नाही." ताई नाइलाजाने उठल्या. चहा संपवून वर येईपर्यंत सासूबाई गेलेल्या होत्या.

तळाचा कांदा बघितल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या या माणसाने आयुष्यात एकदाच 'काय होत नाही' म्हटलं, ते तिथे. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ताईंनी त्यांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यामुळे तर ती मनातून बोल लावत असणार हा साडूंचा संशय आणखीच वाढला.

काही महिने गेले. ताईंचं मन रमावं म्हणून साडूंनी स्वतः पुढाकार घेऊन एका विनोदी सिनेमाची तिकिटं काढली. ट्रेलरमध्ये लग्नघर, बँडबाजा, विहिरीत पडणारा मामा, सगळा हसण्याचा माल. इंटरव्हलपर्यंत ताई हसल्यासुद्धा. आणि इंटरव्हलनंतर त्या मेल्या दिग्दर्शकाला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने नायकाच्या आईला उचलून इस्पितळात टाकलं. नळ्या, यंत्र, टीं टीं आवाज. ताई उठल्या आणि अंधारात लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर आल्या. "मला पुन्हा इथे आणू नका," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्यांनी थिएटरचं तोंड बघितलं नाही. घरी टीव्हीवरसुद्धा फक्त भाज्या कशा कराव्यात ते बघायच्या. घरातलं गुणगुणणं बंद झालं.

आणि साडूंनी मनाशी ठरवलं की हिला एक दिवस परत सिनेमाला न्यायचं, पण आता ट्रेलर बघून नाही. माल आधी आपण पारखायचा.

त्यांची पारखायची पद्धत मी एकदा स्वतः अनुभवली. मला म्हणाले, "चला धाकटे, नवीन भुताचा विनोदी पिक्चर आलाय." मी आपला खुशीत गेलो. तिकिटं दाखवली, आत शिरलो, आणि साडू थिएटरच्या दाराशी न जाता बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, "अहो, सुरू झाला!" तर म्हणाले, "होऊ दे. इंटरव्हलपर्यंत सगळ्यांचाच चांगला असतो. ते गोणीचं तोंड. आपण तळ बघायचा." म्हणजे मी सव्वा तास त्या गार बाकावर बसून आतल्या लोकांचं हसणं ऐकत होतो. मधेच गाण्याचा ठेका यायचा आणि माझा पाय हलायचा, तर साडू पायाकडे बघायचे. इंटरव्हल झाला, लोक बाहेर आले, आणि साडू उठून पॉपकॉर्नच्या रांगेजवळ उभे राहून एकेकाचं तोंड न्याहाळायला लागले. "फार हसत बाहेर आलेत," पुटपुटले. "लक्षण ठीक नाही." मग आम्ही आत गेलो. आणि खरंच की हो, शेवटाकडे त्या भुताची भूतपूर्व हकिगत निघाली, भूत म्हणजे एक बाई, तिचं तान्हं मूल, पूर, आक्रोश! सगळं थिएटर नाक ओढत होतं, आणि साडू अंधारात माझ्या मांडीवर थाप मारून विजयी आवाजात म्हणाले, "बघितलं? सडका निघाला!"

अशा रीतीने वर्षभरात त्यांनी किती सिनेमे नापास केले याची गणतीच नाही. खेळाडूच्या जीवनावरचा सिनेमा नापास, त्याचे प्रशिक्षक शेवटी खोकायला लागले म्हणून. प्रेमकथा नापास, नायिकेच्या नाकातून रक्त आलं म्हणून. लहान मुलांचा कार्टूनपट म्हणून मोठ्या आशेने गेले, तर त्यात हत्तिणीचं पिल्लू हरवलं. त्या रात्री फोनवर आवाज इतका पडला होता की मीच म्हटलं, "साडू, हत्ती आहेत हो ते." तर म्हणाले, "आई ती आईच ना धाकटे." 

आणि एके दिवशी संध्याकाळी फोन आला. "माल चोख आहे!"

गावातल्या एका ब्रासबँडवाल्याचा मराठी सिनेमा होता. साडू दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन तो बघून आले होते. "स्पर्धा आहे, उसने आणलेले कर्णे आहेत, बँडमास्तरचं लग्न आहे. कोणी खोकत नाही. कोणी भोवळ येऊन पडत नाही. एक म्हातारा आहे, त्याच्यावर माझा फार संशय होता, पण शेवटी तो नाचला राव!" ताईंची समजूत काढायला आमची ही सानपाड्याला जाऊन बसली. ताई आधी नको, मग बघू, मग साडी कुठली नेसू इथपर्यंत आल्या. रविवारी आम्ही चौघं मॉलमध्ये पोचलो तेव्हा ताईंच्या पर्सच्या तळाशी रुमालाखाली चिवड्याची पुडी होती. गणवेशातल्या बाईच्या हाताला ती लागली, बाईने ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पर्स तशीच परत दिली. थिएटरच्या दाराशी ताईंचे पाय अडखळले.

"अहो, नक्की ना?"

"काय होत नाही," साडू म्हणाले. "तळापर्यंत बघितलाय."

इस्पितळातल्या त्या दुपारनंतर ते शब्द मी आज पहिल्यांदा ऐकले. आम्ही खुर्च्यांवर बसलो, दिवे मालवले, कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही ही पाटी येऊन गेली, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! या माणसाने सिनेमा दोनदा बघितलाय खरा, पण दोन्ही वेळा इंटरव्हलनंतर! सुरुवात कोणी बघितलीय?

तेवढ्यात पडदा उजळला. इस्पितळाचा लांबच लांब व्हरांडा. आणि त्या व्हरांड्यातून जरीची झालर लावलेला लाल कोट घातलेला बँडवाला, काखेत क्लॅरिनेट, कोणाच्या तरी वरातीतून तसाच उठून पळत येतोय. खाटेवर त्याची आई. त्याला उशीर झालेला.

साडू ताडकन उभे राहिले. आयुष्यभर ज्याने तोंडाशी बघितलं नाही, त्याला नासका कांदा नेमका तोंडाशीच मिळाला. दोन्ही हात पसरून ते ताईंच्या समोर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि ओरडले, "लाईट लावा! अहो, चुकीचा लागलाय! हा नाहीये, हा तो नाहीये!" मागून आरडाओरडा सुरू झाला. "ओ काका, बसा ना खाली!" "काका, काय टेन्शन आहे?" कोणीतरी शिट्टी मारली. मी त्यांचा सदरा ओढत होतो, आमची ही ताईंचा हात धरून बसली होती. साडूंच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड नव्हता, तरी तो चेहरा मला दिसला. एवढा घाबरलेला माणूस मी बघितलेला नाही.

आणि ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, बाजूला व्हा. मला दिसत नाहीये."

साडू बाजूला झाले. पण बसले नाहीत. वाकून, हात जोडत, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत सरळ बाहेर निघून गेले. मी उठायला लागलो तर ताईंनी हातानेच मला बसवलं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. बँडवाल्याने आईच्या पायाशी बसून क्लॅरिनेट ओठांना लावला, तेव्हा ताईंनी पर्स उघडली, पुडी सोडली, आणि रडत रडत चिवड्याचा एक घास तोंडात टाकला. सासूबाई अगदी अशाच खायच्या.

इंटरव्हलला बाहेर आलो. साडू त्यांच्या ठरलेल्या बाकावर बसले होते. लोकांचे चेहरे न्याहाळायचा त्यांचा शिरस्ता, पण आज मान खाली. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर म्हणाले, "धाकटे, दोन्ही वेळेला 'काय होत नाही' मीच म्हणालो."   मला त्या माणसाची इतकी माया आली की काय सांगू, पण मायेने बोलायची आम्हा साडू-साडूंत पद्धत नाही.

तेवढ्यात ताई आल्या. दोन्ही हातांत कागदी कप. त्यांनी एक साडूंच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. डोळे सुजलेले होते.

"घ्या. चहा आहे."

साडूंनी कप नुसताच धरला.

"मलाच हवा होता हो तेव्हा चहा," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला नसतात तरी मी गेलेच असते. सकाळपासून तलफ आली होती मला. आईला सोडून कसं जाऊ म्हणून बसले होते एवढंच. तुम्ही उगीच मनाला लावून घेतलंत."

मी साडूंकडे बघितलं. त्या दुपारी मी खाटेच्या पायथ्याशीच उभा होतो. ताईंनी नको म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि माझ्याआधी ते साडूंनी ऐकलं होतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोन्ही बाजूंनी वाचणारा हा माणूस. मला वाटलं, आता उलटतपासणी सुरू होणार. तलफ होती तर तेव्हा बोलली का नाहीस? इतके दिवस का सांगितलं नाहीस? आज का सांगतेस?

साडूंनी ताईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी चहाचा घोट घेतला.

"हां," म्हणाले. "तुला चहाची सवयच आहे."

"आहेच मुळी," ताई म्हणाल्या. "चला आता, सुरू होईल. पुढचं तुम्हाला माहितीय ना सगळं? मला सांगायचं नाही हं."

आम्ही आत गेलो. पुढचं सगळं साडूंनी सांगितलं होतं तस्सं झालं. कर्णे उसने आणले, स्पर्धा झाली, मास्तरचं लग्न लागलं. ताई म्हाताऱ्याला टाळ्या वाजवत होत्या. तो म्हातारा नाचायला लागला तसा मला शेजारी नाक ओढल्याचा आवाज आला. म्हटलं ताई असतील. ताई नव्हत्या. दोनदा बघितलेल्या आनंदाच्या प्रसंगाला आमचे साडू रडत होते.

ताईंनी पडद्यावरची नजर न काढता चिवड्याची पुडी त्यांच्यापुढे केली. साडूंनी मूठभर चिवडा हातावर घेतला आणि त्या अंधारात, दाणेबिणे न बघता, तसाच तोंडात टाकला.